नुरबर्गरिंगचा काटा कितपत खरा?

महागड्या मोटारींच्या जाहिरातीत हल्ली एक आकडा हमखास आढळतो. जर्मनीतील नुरबर्गरिंगच्या ट्रॅकवर त्या गाडीने एक फेरी किती मिनिटांत पूर्ण केली, त्याचा हा आकडा. आमच्या वाचकांत गॅरेजवाले, टायरवाले, डेंटिंग-पेंटिंगचे कारागीर आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारे बरेच आहेत. त्यांच्या दुकानातली तरुण मुले हे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतात आणि त्यावरूनच कोणती गाडी सरस, याचा निकाल देऊन मोकळी होतात. हे माप व्यापाराच्या कसोटीला उतरते का, ते पाहू.

हा ट्रॅक आयफेलच्या डोंगरात १९२७ साली सुरू झाला. त्याच्या जुन्या, उत्तरेकडील वळशाची लांबी २०.८३२ किलोमीटर आहे. सत्तरच्या वर वळणे आणि सुमारे ३०० मीटरचा चढ-उतार. ठराविक दिवशी पैसे भरून कोणालाही तेथे स्वतःची गाडी नेता येते. वेळ मोजायला मात्र त्या दिवशी बंदी असते. सरळ रस्त्यावर गाडी पळवली तर इंजिनाचा जोर तेवढा कळतो. येथे ब्रेक तापतात, इंजिनाला थंड राहावे लागते, शॉकॲब्सॉर्बर आणि स्टिअरिंगचा कस लागतो. तेव्हा परीक्षा खोटी आहे, असे कोणी म्हणणार नाही.

माप-तोलातील लबाडीविषयी कुरआन शरीफमध्ये सूरह मुतफ्फिफीन आहे, हे व्यापारी बंधूंना सांगायला नको. त्या नजरेने पाहिले तर दोन सवाल उभे राहतात. जो माल तोलला, तोच गिऱ्हाइकाच्या पदरात पडतो का? आणि सगळ्या दुकानांत वजन एकच वापरले जाते का?

दुसऱ्या सवालाचे उत्तर बरीच वर्षे 'नाही' असेच होते. पूर्वी कंपन्या सुरुवातीचा थोडा भाग वगळून २०.६ किलोमीटरचीच वेळ सांगत. कोणाची फेरी कोणती, हे गिऱ्हाइकाला कळत नसे. २०१९ साली रेनोच्या मेगान ट्रॉफी-आर गाडीने जी फेरी मारली, तिच्या दोन वेळा जाहीर झाल्या: छोट्या मापाने ७ मिनिटे ४०.१ सेकंद आणि पूर्ण मापाने ७ मिनिटे ४५.३८९ सेकंद. गाडी तीच, फेरी तीच आणि फरक पाच सेकंदांचा! येथे तर एकेका सेकंदावरून भांडणे होतात. त्याच वर्षापासून ट्रॅकच्या व्यवस्थापनाने पूर्ण लांबीचा नियम केला आणि विक्रमाच्या वेळी नोटरी हजर ठेवण्याची पद्धत आणली. हे चांगलेच झाले.

पहिला सवाल अधिक अवघड आहे. २०१७ साली होंडाच्या सिव्हिक टाइप-आरने ७ मिनिटे ४३.८ सेकंदांची वेळ दिली, तेव्हा सुरक्षेसाठी आत लोखंडी पिंजरा बसवला होता आणि त्याचे वजन भरून काढण्यासाठी मागील सीट काढली होती. होंडाने हे स्वतःच सांगितले, त्यामुळे तिला लबाड म्हणता येणार नाही. पण शोरूममधून गिऱ्हाईक जी गाडी घरी नेतो, ती ही नव्हे. टायरचेही तसेच. विक्रमी फेरीला बहुधा मऊ रबराचे, कमी खाचांचे टायर लावतात. ते कोरड्या रस्त्याला घट्ट धरतात, पण लवकर झिजतात आणि साचलेल्या पाण्यात दगा देतात. टायरच्या धंद्यातील माणसाला यावर जास्त सांगायची गरज नाही.

भांडण २००८ साली जाहीरपणे झाले. निस्सानने आपल्या जीटी-आर गाडीची वेळ ७ मिनिटे २९ सेकंद सांगितली. पोर्शने तीच गाडी बाजारातून विकत घेतली, आपल्या माणसाकडून चालवून पाहिली आणि ७ मिनिटे ५४ सेकंदांच्या आत येत नाही, असे जाहीर केले. निस्सानने आरोप फेटाळला. एकच माल, दोन काटे आणि २५ सेकंदांची तफावत. ड्रायव्हरचा हात आणि ट्रॅकची त्याला असलेली ओळख यांचा हिस्सा यात किती, हे वेगळे काढायला कोणतेच यंत्र नव्हते.

हवामानाचा हिस्साही लहान नसतो. मर्सिडीज-एएमजी वन या गाडीने २०२२ साली ६ मिनिटे ३५.१८३ सेकंद घेतले. त्या दिवशी ट्रॅक काही जागी ओला होता. २०२४ साली मारो एंगल या त्याच ड्रायव्हरने तीच मॉडेल ६ मिनिटे २९.०९ सेकंदांत आणली.

आपल्याकडे एक उलटे उदाहरण आहे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या दाखल्यावरचे मायलेज रस्त्यावर मिळत नाही, अशी तक्रार प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते. तक्रार खरी आहे. पण तेथे प्रत्येक गाडी रोलरवर एकाच ठरलेल्या पद्धतीने चालवली जाते, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा कामाचा आहे. नुरबर्गरिंगची वेळ खरोखर रस्त्यावर दिलेली असते, पण दोन कंपन्यांच्या वेळा शेजारी शेजारी ठेवणे कठीण जाते.

आकड्याच्या हव्यासाची किंमत गिऱ्हाईकही मोजतो. गाडी ट्रॅकसाठी घट्ट केली की खड्ड्याखड्ड्यांत कंबर बोलते. ब्रिटिश टीव्हीवरील जेम्स मे यांची ही जुनी तक्रार आहे. मोबाइल बनवणाऱ्या चिनी शाओमीने २०२५ साली एसयू-७ अल्ट्रा गाडीची वेळ ७ मिनिटे ४.९५७ सेकंद जाहीर केली. त्याच वर्षी कंपनीने सॉफ्टवेअर बदलून, ठरलेल्या ट्रॅकवर ठरलेली वेळ दाखवल्याखेरीज मालकाला गाडीची पूर्ण १,५४८ अश्वशक्ती मिळणार नाही, अशी व्यवस्था केली. पैसे पूर्ण ताकदीचे घेतले होते! मालकांनी ओरड केल्यावर हा बदल मागे घेतला गेला.

तुलनाच करायची असेल तर 'श्पोर्ट ऑटो' या जर्मन मासिकाच्या चाचण्या आम्हाला जास्त भरवशाच्या वाटतात. तेथे अनेक वर्षे होर्स्ट फोन साउर्मा हे संपादक स्वतः वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या चालवत आणि वेळ नोंदवत. त्यांच्या वेळा कंपन्यांनी सांगितलेल्या वेळांपेक्षा बहुधा काही सेकंदांनी जास्त भरत.