आजीचं दशक, नववीचा वर्ग

बालभारतीचं नववीचं इतिहासाचं पुस्तक १९६० नंतरच्या भारताबद्दल आहे आणि त्याची शेवटची दोन प्रकरणं 'बदलते जीवन' या नावाची आहेत. दहावीच्या पुस्तकात प्रसारमाध्यमं, मनोरंजन, खेळ यांवर स्वतंत्र प्रकरणं येतात. नजीकच्या भूतकाळातलं रोजचं जगणं, लोकांची गाणी, त्यांचे सिनेमे हा शाळेत शिकवायचा विषय आहे, हे अभ्यासक्रमाने मान्य केलेलं आहे. अडचण वेळेची आहे. ही प्रकरणं वर्षाच्या शेवटी येतात आणि सराव परीक्षांच्या गडबडीत वाचून संपवली जातात. उरलेली हौस स्नेहसंमेलनात भागते. मुलं बेलबॉटम आणि मोठे गॉगल घालून जुन्या गाण्यांवर नाचतात, पालक टाळ्या वाजवतात आणि सत्तरचं दशक झालं असं सगळ्यांना वाटतं.

मला याचं मनापासून वाईट वाटतं. महाराष्ट्राच्या विसाव्या शतकातलं हे सगळ्यात दाट दशक आहे आणि ते सांगणारी माणसं अजून घराघरांत आहेत. १९७२ साली बारा-तेरा वर्षांची असलेली मुलगी आज नववीतल्या नातवाची आजी आहे. ही गाठ आणखी दहा वर्षांनी पडणार नाही.

एका वर्षाची उदाहरणं घेऊ. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं. त्याच वर्षी व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' आला, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला, मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. १६ डिसेंबरला पुण्यात 'घाशीराम कोतवाल' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. आणि याच सुमाराला मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे, पुणे आणि सांगली जिल्ह्यांच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत खरिपाचं पीक हातचं गेलेलं होतं. माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. पुढच्या उन्हाळ्यात, मे १९७३ मध्ये, दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या.

मुंबईच्या चाळीत एका बिऱ्हाडात टीव्ही आला की 'छायागीत' हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम पाहायला अख्खा मजला त्या खोलीत बसायचा. त्याच मजल्यावरच्या कुणाचे तरी आईवडील गावी पाझर तलावावर मातीकाम करत असायचे आणि मनीऑर्डरची वाट पाहत असायचे. म्हणून छायागीत आणि खडी एकाच तासाला, एकाच फळ्यावर शिकवली पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे. वेगवेगळी शिकवली की पहिलं नुसतं गोड आठवणींचं उरतं आणि दुसरं नुसतं दयेचं. एकत्र ठेवली की मूल आपोआप विचारतं, हे कुणाला बघायला मिळत होतं? त्यासाठी पैसे किती लागायचे? वीज होती का?

खडी शिकवायची कशी? मैदानावर. मजुरी कामाच्या मापावर मिळायची आणि माप ब्रासमध्ये व्हायचं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. फक्कीने दहा फूट लांब, दहा फूट रुंद चौकोन आखायचा आणि कडेला एक फूट उंचीची खूण करायची. एवढा ढीग हातोडीने फोडलेल्या खडीचा. मुलांना त्या चौकोनात उभं करा. मग शाळेच्या बांधकामावरचं एक घमेलं आणा, त्यात माती भरा आणि ज्याला उचलावंसं वाटेल त्याला उचलू द्या. शंभर घनफुटांना अशी किती घमेली लागतील हा गणिताचा प्रश्न आहे, तो गणिताच्या तासालाच सोडवावा. त्यानंतर मुकादम, मस्टर, गँग, मोजणी हे शब्द फळ्यावर लिहिले तर ते मुलांच्या डोक्यात बसतात, कारण प्रत्येक शब्दाला आता वजन आलेलं असतं.

याच कामांतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिची कल्पना वि. स. पागे यांची. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. योजनेसाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला. तो मुंबई-पुण्याच्या नोकरदारांच्या पगारातून कापला जाऊ लागला. टीव्हीसमोर बसलेला कारकून आणि मातीकामावरची बाई यांच्यातला हा धागा मुलांना पगाराच्या चिठ्ठीवर दाखवता येतो, कारण ती कपात आजही होते. २००५ मध्ये देशभरासाठी जो रोजगार हमीचा कायदा झाला, त्याला महाराष्ट्राचा हा अनुभव जमेला होता.

आता सिनेमा. १९७५ हे वर्ष वर्गासाठी फार उपयोगाचं आहे. जानेवारीत 'दीवार' आला. ३० मे रोजी 'जय संतोषी माँ' लागला आणि कमी खर्चात काढलेल्या या चित्रपटाने प्रचंड धंदा केला. बायका थिएटराबाहेर चपला काढून आत जात, आणि संतोषीमातेचे शुक्रवार गावोगाव सुरू झाले. घरी आजीला विचारलं तर ती गूळ-चण्याचा प्रसाद आणि आंबट न खाण्याचा नेम लगेच सांगेल. हे व्रत तिच्या सासूने केलं होतं का, एवढाच पुढचा प्रश्न मुलांनी विचारायचा. त्या एका उत्तरातून कळतं की सिनेमा घरातल्या देव्हाऱ्यापर्यंत कसा पोहोचला.

१५ ऑगस्टला 'शोले' प्रदर्शित झाला. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला. त्याच्या संवादांच्या रेकॉर्डी निघाल्या आणि त्या लग्नात, गणपतीच्या मांडवात कर्ण्यावर वाजत. हे सगळं मुलांना आवडतं. पण त्याच्या पन्नासेक दिवस आधी, २५ जूनला, आणीबाणी जाहीर झाली होती. 'शोले'च्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरने तो बदलायला लावला आणि प्रदर्शित चित्रपटात पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला त्या वेळच्या सरकारला का चालला नसेल? नागरिकशास्त्राचा एक पूर्ण तास या प्रश्नावर जातो आणि वर्गात कुणी पेंगत नाही.

शाळेशी थेट नातं असलेली गोष्टही याच वर्षातली आहे. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची शालान्त परीक्षा १९७५ मध्ये सुरू झाली. नववीतल्या मुलांना ही बातमी फार जवळची वाटते.

आजी-आजोबांच्या मुलाखती घेताना थोडी शिस्त हवी. "तुमच्या वेळी कसं होतं?" असं विचारलं की सगळे एकच उत्तर देतात, सगळं स्वस्त होतं आणि माणसं चांगली होती. त्यापेक्षा वस्तू विचारावी. घरात रेडिओ होता का, त्याचं लायसन काढायला पोस्टात कोण जायचं, बुधवारी रात्री बिनाका गीतमाला ऐकताना सेल संपले तर काय करायचे, रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, कसा शिजायचा, सुकडी हा दुष्काळातला पूरक आहार कुठे वाटायचे. महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे लाटणी घेऊन निघालेल्या मोर्चात घरातलं कुणी गेलं होतं का. सालही थेट विचारू नये. लग्न झालं होतं का, धाकटा काका जन्मला होता का, असं विचारावं. सगळे 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतात, पण सर्वांत कठीण महिने १९७३ च्या उन्हाळ्यातले होते. लोकांची आठवण आणि सरकारी आकडे शेजारी शेजारी ठेवून तपासणं मुलांनी इथेच शिकावं.

काही घरांत या आठवणी दुखऱ्या असतात. कुणाची आजी खडी फोडायला गेली हे तिने कधी बोलून दाखवलेलं नसतं. वर्गात नावानिशी सांगण्याची सक्ती शिक्षकाने करू नये. पण दुखरं म्हणून वगळूही नये. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. सत्तरच्या दशकाच्या धड्यात 'शोले' आहे आणि हे नाही, तर तो धडा खोटा आहे.

साधनांसाठी फार लांब जावं लागत नाही. 'किशोर' मासिक बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलं. त्याचे जुने अंक आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात. त्यांतली चित्रं, जाहिराती, कोडी पाहिली की त्या काळच्या मुलांचं जग समोर येतं, आणि त्या जगात कोणती मुलं दिसत नाहीत हेही दिसतं. दुसरं साधन जुन्या शाळांच्या कपाटातच आहे. जनरल रजिस्टरमध्ये शाळा सोडल्याची तारीख आणि कारण यांचे रकाने असतात. मुख्याध्यापकांच्या परवानगीने, नावं आणि जाती झाकून, १९७२ आणि १९७३ ची पानं मुलांसमोर ठेवावीत. कोणत्या महिन्यात किती मुलं गेली, त्यांत मुली किती, पुढच्या जूनमध्ये परत किती आली, हे त्यांनी स्वतः मोजावं आणि वहीत तक्ता करावा.