एका ‘च’चा जाच

लांब पोळी हा विदर्भातल्या स्वयंपाकघरातला कस पाहणारा प्रकार. कणीक सैल भिजवायची, ताणली तरी तुटू नये इतकी मळायची, आपटायची. मग गोळा दोन्ही हातांवर खेळवत झिरझिरीत कापडासारखा पसरवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या माठावर अलगद सोडायचा. कुणी तिला मांडा म्हणतं, कुणी रोटी. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत काय किंवा शेजारच्या आर्वीत काय, पाहुणे पानावर बसलेले असताना ही पोळी मधोमध फाटली, तर करणारीच्या तोंडून जे निघतं ते पोळीबद्दल नसतंच. “मले काहीच जमत नाही!”

फाटली एक पोळी, निकाल लागला अख्ख्या बाईचा.

परिपूर्णतेचा हव्यास म्हणतात तो हाच. नीटनेटकेपणा वेगळा, हौस वेगळी. चांगलं काम करण्यात आनंद असतो. इथे मात्र काम संपलं तरी धाकधूक संपत नाही. पाहुणे तृप्त होऊन गेले तरी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या वरणात मीठ कमी होतं का, हेच डोक्यात घोळत राहतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली, तिचा रोख नेमका या घोळण्यावर होता. माणूस घटनेने दुखावतो त्याहून अधिक त्या घटनेवर लावलेल्या स्वतःच्या अटींनी दुखावतो, असं त्यांचं म्हणणं. मराठी माणसाचं भाग्य असं, की हा विचार त्याच्यापर्यंत मराठीतून पोचला. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी १९६८मध्ये एलिस यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला आणि तो कित्येक वर्षं चालवला. पुढे त्यांनी ही पद्धत व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून मराठीत रुजवली. तिला आज विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखतात.

एलिस ज्या हट्टाबद्दल बोलतात तो पकडायला मराठीत एक अक्षर पुरतं. ते अक्षर म्हणजे ‘च’. ‘पोळी गोल व्हावी’ ही इच्छा झाली. ‘पोळी गोल झालीच पाहिजे’ हा हुकूम झाला. इच्छा पुरी नाही झाली तर वाईट वाटतं, थोडं चुकचुकतं आणि माणूस पुढच्या गोळ्याला हात घालतो. हुकूम मोडला की गुन्हा होतो, आणि गुन्ह्याला शिक्षा आलीच.

हा ‘च’ मुळात वाईट नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघाले, गोळीबारात माणसं गेली, आणि गावाच्या नावाला ‘शहीद’ हा शब्द कायमचा जोडला गेला. तिथे ‘च’ हवाच होता. संयुक्त महाराष्ट्र ‘झालाच’ पाहिजे, असं म्हणणाऱ्यांनी तो जोर लावला. वेगळा विदर्भ मागणारेही तोच जोर लावतात. अन्यायापुढे, सत्तेपुढे उगारलेला ‘च’ माणसाला ताठ उभं करतो. तोच उलटा वळून रोज सकाळी आपल्याच घरात, आपल्याच अंगावर उगारला, की माणूस खचतो.

बायकांच्या वाट्याला तो अधिक का येतो, याचं उत्तर एकट्या मनात शोधून मिळणार नाही. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या संशोधकांनी १९९१मध्ये परिपूर्णतेच्या हव्यासाचे तीन चेहरे सांगितले: स्वतःकडून बिनचूकपणाची अपेक्षा, दुसऱ्यांकडून ती अपेक्षा, आणि जगाला आपण बिनचूकच हवे आहोत हा समज. तिसरा आपल्याकडे घरोघर ओळखीचा आहे. “लोकं काय म्हनतीन?” या तीन शब्दांत तो सगळा मावतो. तो आजीच्या पिढीबरोबर संपलाही नाही. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या चाळीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली उत्तरं थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी ताडून पाहिली, तेव्हा हा तिसरा प्रकार साधारण ३३ टक्क्यांनी वाढलेला आढळला.

आणि कामाचा डोंगर? केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. जिच्या हातून इतकं काम होतं तिच्या हातून चुकाही जास्त दिसणार. ज्याने दूध तापवायला ठेवलंच नाही, त्याच्या हातून ते उतू जात नाही. म्हणून बाईला नुसतं ‘स्वतःला स्वीकार’ सांगायचं आणि झाडू तिच्याच हातात ठेवायचा, हा अर्धाच उपाय आहे.

बिनचूकपणाच्या धाकात वाढूनही त्यातून सुटलेली एक बाई मराठीने पाहिली आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं (१८६८–१९३६) बालपण वडिलांच्या कडकडीत सोवळ्यात गेलं. बाजारातून घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घेतली जाई. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांसारख्या विद्वान, लहरी, तापट कवीशी संसार. शाळा नाही, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. अशा बाईने ‘सगळं नीट यायला लागल्यावर लिहीन’ असं ठरवलं असतं, तर मराठीला ‘स्मृतिचित्रे’ मिळाली नसती. नवऱ्याचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं. त्यात त्यांनी ६४ अध्यायांची भर घातली. आत्मचरित्र प्रसिद्ध झालं ते साठी ओलांडल्यावर. त्यात त्या आपले घोटाळे, आपली फजिती, आपलं अज्ञान लपवत नाहीत, आणि त्याबद्दल स्वतःला कोसतही नाहीत. फजिती झाली ती झाली, एवढं म्हणून गोष्ट पुढे जाते. आत्मस्वीकाराचं याहून जिवंत पुस्तक मराठीत शोधून सापडायचं नाही.

एलिस ज्याला विनाअट आत्मस्वीकार म्हणतात, तो हाच. ‘मी थोर आहे’ असं आरशापुढे रोज घोकणं त्यांना मान्य नव्हतं. आज थोर म्हटलं की उद्या नालायक म्हणायची सोय होते. त्यांचं सांगणं सोपं होतं: कामाला गुण द्या, माणसाला देऊ नका. पोळी फाटली, पोळीला दहापैकी तीन. करणारीच्या गुणपत्रिकेत त्यासाठी रकानाच नाही.

हे जमवायचं कसं? समुपदेशक देतात त्यातला एक सराव वही-पेन्सिलीचा आहे. मनात जे वाक्य टोचतं ते जसंच्या तसं लिहून काढायचं. ‘मुलीला पहिला नंबर मिळालाच पाहिजे.’ ‘सासूबाईंनी नाव ठेवताच कामा नये.’ मग त्यातला ‘च’ खोडून वाक्य पुन्हा लिहायचं, आणि खाली एक ओळ वाढवायची: ‘तसं नाही झालं, तर मी काय करीन?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा अगदी साधं असतं. दुसरा सराव धाडसाचा, मुद्दाम उणं ठेवण्याचा. एक दिवस घडी न घातलेले कपडे खुर्चीवर राहू द्यायचे. बचत गटाच्या बैठकीत पाठ न करता बोलायचं. आभाळ कोसळत नाही, हे पुस्तकात वाचून पटत नाही. ते एकदा पाहावं लागतं.

पुष्कळजणींना भीती वाटते, की हट्ट सोडला तर आळस येईल. होतं उलट. चुकायची दहशत असली की बाई नवं काही हाती घेत नाही. जमणार नाही म्हणून मोबाईलवरून पैसे पाठवायला शिकत नाही, ग्रामसभेत हात वर करत नाही. दहशत ओसरली की तो हात वर जातो.

मात्र काही वेळा प्रश्न वहीने सुटण्यातला नसतो. हात पुन्हा पुन्हा धुतल्याशिवाय चैन पडत नाही, आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं असेल तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि त्या फाटलेल्या पोळीचं काय होतं, तेही सांगायला हवं. मुरलेल्या हाताची आजी ती माठावरून उतरवते, फाटका भाग आत घालून चौघडी करते आणि कडेला ठेवते. पुढचा गोळा हातावर घेते. पंगत उठल्यावर तीच पोळी तुपात भिजवून चुलीपाशी बसलेल्या नातीला देते, आणि नात विचारते, “अजून फाटली का वं, आजी?”