पांढरा डाग आणि परिचयपुस्तिका

वधू-वर परिचयपुस्तिका हाती आली की शिक्षण व गोत्र पाहून झाल्यावर दबक्या आवाजात एक प्रश्न हमखास निघतो : "घराण्यात कुणाला कोड तर नाही ना?" आमच्या नांदगाव पेठेसारख्या गावात मुलीच्या आत्याच्या हातावरील डागही हिशेबात धरला जातो. म्हणून हा डाग येतो कुठून, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

बर्लिनमधील पॉल लँगरहान्स या वैद्यकीय विद्यार्थ्याने १८६८ मध्ये त्वचेतील फांद्या फुटलेल्या पेशींचे वर्णन केले; त्या मज्जापेशी असाव्यात असे त्यास वाटले. पुढे १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन व झॅनव्हिल कोन यांना उंदराच्या प्लीहेत तशाच फांद्यांच्या पेशी आढळल्या. त्यांना त्यांनी 'डेंड्रायटिक', म्हणजे वृक्षासारख्या, असे नाव दिले. या पेशी प्रथिनांचे तुकडे उचलून लसीकाग्रंथीत नेतात व तेथील टी-पेशींना दाखवितात. खरी मेख दाखविण्याच्या रीतीत आहे. जंतूचा वा इजेचा इशारा मिळालेला असेल, तर टी-पेशी हल्ल्यास सज्ज होतात. सारे शांत असताना आपल्याच पेशीचा तुकडा दाखविला, तर त्या निष्क्रिय होतात, किंवा इतरांना आवरणाऱ्या बनतात. हीच शरीराची सहिष्णुता. (आपल्या शास्त्रातील स्व-पर भेदविज्ञान आत्म्याविषयीचे आहे, त्याची येथे सरमिसळ नको, पण शब्द आठवतो खरा.)

कोडामध्ये हा विवेक ढळतो. ताणाखालील रंगपेशींकडून इशारे सुटतात, डेंड्रायटिक पेशी जाग्या होतात आणि टी-पेशी निरपराध रंगपेशींनाच मारतात. यात जंतू नाही. स्पर्शाने वा एका ताटात जेवल्याने कोड होत नाही. आनुवंशिक कल असतो, तथापि कोड असलेल्या बहुतेकांच्या मुलांना तो होत नाही. 'श्वेतकुष्ठ' हा शब्द तर टाकूनच द्यावा. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. त्याच्या रुग्णांसाठी डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत तपोवन उभारले. कोडाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

मलमे व अतिनील किरणांच्या उपचारांनी अनेकांचा रंग बऱ्याच अंशी परततो, पण लवकर सुरुवात केली तर. आपल्याकडे ती पहिली वर्षे लांब बाह्यांखाली जातात.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी, स्वतःस कोड असताना, 'श्वेता असोसिएशन' हा स्वमदत गट उभा केला. 'नितळ' हा मराठी चित्रपट याच विषयावरचा. श्वेताने कोड असलेल्यांसाठी वधू-वर मेळावेही भरविले. आपल्या मेळाव्यांत त्यांना जागा असती, तर ते निराळे भरवावे लागले नसते.