एकाच डिसेंबरात, एकाच गोदीतून

अमेरिकी नौदलाने २०२५च्या नोव्हेंबरात ‘कॉन्स्टेलेशन’ फ्रिगेटची मालिका पहिल्या दोन जहाजांवर थांबवली आणि पुढच्याच महिन्यात नव्या फ्रिगेटसाठी स्वतःच्या तटरक्षक दलाच्या कटरचा, म्हणजे गस्ती जहाजाचा, आराखडा उचलला. युरोपातून घेतलेल्या आराखड्यात इतके फेरफार झाले होते की वजन वाढले आणि वर्षे वाया गेली. यावरून फ्रिगेट आणि गस्ती जहाज यांत फरकच उरला नाही, असे कोणी म्हणेल तर ते चूक आहे. काम न ठरवता जहाज मागितले की काय होते, हे त्यातून दिसते. आपण ते काम एकदा नीट ठरवले होते.

फ्रिगेट या नावावर विसंबता येत नाही, याचा पुरावा आपल्याच ताफ्यात आहे. १९५०च्या दशकाअखेर ब्रिटनकडून आलेल्या ‘कृपाण’ आणि ‘कुठार’ बाराशे टनांच्या आसपास, तरी फ्रिगेट. १९८९ची ‘खुकरी’ त्यांच्याहून जड, पण कॉर्व्हेट. १९८०ची ‘राजपूत’ सुमारे पाच हजार टनांची विनाशिका, तर जानेवारी २०२५मध्ये दाखल झालेली नवी ‘निलगिरी’ साडेसहा हजारांच्या पुढे जाऊनही फ्रिगेटच.

१९७४मध्ये बॉम्बे हायला तेल लागले, १९७६च्या कायद्याने दोनशे सागरी मैलांवर आपला हक्क आला आणि रुस्तमजी समितीच्या शिफारशीवरून १ फेब्रुवारी १९७७ला तटरक्षक दल उभे राहू लागले. त्याच्या वाट्याला नौदलाच्या जुन्या ‘कृपाण’ आणि ‘कुठार’ आल्या. पाणबुडीच्या शिकारीसाठी बांधलेली, वाफेच्या टर्बाइनवर चालणारी, हेलिकॉप्टरसाठी डेक नसलेली ही जहाजे. चोरट्या ट्रॉलरमागे दिवसेंदिवस फिरणे हे त्यांचे काम कधीच नव्हते. उत्तर मिळाले १९८३च्या डिसेंबरात. माझगाव डॉकने बांधलेली ‘गोदावरी’ १० तारखेला नौदलात आली: ब्रिटिश लिअँडर आराखडा वाढवून आपल्याच अभियंत्यांनी रेखलेली, सोव्हिएत क्षेपणास्त्रे आणि दोन सी किंग हेलिकॉप्टरे वाहणारी. त्याच महिन्यात, त्याच गोदीची ‘विक्रम’ तटरक्षक दलात आली. वजनाने ती जवळपास ‘कृपाण’एवढीच, पण लांबी ९४ ऐवजी ७४ मीटर, इंजिने डिझेलची, वेग २२ नॉट आणि मागे चेतक हेलिकॉप्टरसाठी डेक. तेवढ्याच वजनात दुसरे काम बसवलेले होते. एका गोदीने एकाच वेळी दोन गरजा इतक्या स्वच्छ वेगळ्या ओळखाव्यात, ही त्या दशकाची खरी कमाई. तिचे कौतुक फार कमी झाले. सगळी शाबासकी ‘गोदावरी’ला मिळाली आणि ‘विक्रम’ची कोणी आठवणही काढत नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

यावर आक्षेप ठरलेला आहे: गरीब देशाला दोन प्रकारची जहाजे कशी परवडतील, युद्ध पेटले तर गस्ती जहाजानेही लढावे. तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाखाली आहे, तेव्हा हे बोलणे अगदी पोकळ नाही. पण लढण्यासाठी नुसती तोफ पुरत नाही. रडार, सोनार, दारूगोळ्याची कोठारे आणि ते सांभाळणारी माणसे लागतात. ती घेतली की इंधनाची जागा जाते, खर्च वाढतो आणि समुद्रावर राहण्याचे दिवस घटतात. तटरक्षक जहाजाची किंमत त्या दिवसांतच आहे.

नव्वदीची वर्षे रेंगाळत गेली, त्यांवर लिहिण्यासारखे थोडेच. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर मात्र घाईघाईने नौकांची मागणी वाढली. कमी बोलीला काम देण्याच्या पद्धतीने कोणावर भार टाकला गेला ते पाहावे. सुरतेत तापीच्या मुखाशी ‘एबीजी’ कंपनीची गोदी होती. २०१०ला तटरक्षक दलात आलेले प्रदूषण-नियंत्रण जहाज ‘समुद्र प्रहरी’ याच कंपनीने बांधले. २०१७ला ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि पुढे विक्रीला निघाली. ज्या गोदीने जहाज बांधले, तीच नाहीशी झाली तर त्याच्या दुरुस्तीचा अनुभव कोणाकडे मागायचा? डिसेंबर २०२३मध्ये तटरक्षक दलाच्या सहा नव्या गस्ती जहाजांचे काम पुन्हा माझगाव डॉककडे आले, ही समाधानाची गोष्ट आहे. त्यांच्या आराखड्यात आता मध्येच क्षेपणास्त्रे आणि सोनार घुसवण्याचा मोह झाला, तर १९८३चे ते शहाणपण याच गोदीत बुडेल.