शिवसागराच्या पाण्याखाली काय आहे?

हेडफोन लावा, आज आपण बामणोलीला जातोय. साताऱ्याहून कासचं पठार मागे टाकलं की घाट उतरून आपण जावळी तालुक्यातल्या या गावात पोचतो. इथून वासोट्याला लाँच सुटते. दोन्ही बाजूंना दाट झाडी, मधे निळंशार पाणी. स्टेटसला टाकायला एकदम भारी! पण हा शिवसागर जलाशय निसर्गाने नाही, माणसाने बनवलाय.

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि साधारण 65 किलोमीटर सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेला वाहते. पाटण तालुक्यात हेळवाकजवळ ती पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. या वळणाजवळच 103 मीटर उंचीचं धरण बांधलं. डोंगरापलीकडे कोकण शेकडो मीटर खाली आहे. म्हणून पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सोडायचं आणि त्यावर वीज बनवायची, अशी ही योजना. आज तिची क्षमता 1,960 मेगावॅट आहे.

या विजेची किंमत खोऱ्यातल्या लोकांनी मोजली. घरं, भातखाचरं, देवळं पाण्याखाली गेली. माणसं सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशी विखुरली. जमिनीच्या हक्कासाठी त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही आंदोलनं करावी लागली. त्यात 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि सुमारे 180 जीव गेले. धरणातल्या साठ्यामुळे भूकंप होतात का, याचा अभ्यास करणारे जगभरातले शास्त्रज्ञ आजही कोयनेचं उदाहरण घेतात.

आता लाँचमधून उतरू. समोर वासोटा. शिवाजी महाराजांनी त्याला नाव दिलं व्याघ्रगड. पेशवाईत ताई तेलिणीने हाच गड बापू गोखल्यांविरुद्ध लढवला.

आणि हे जंगल दक्षिणेला थेट सांगलीच्या शिराळा तालुक्यापर्यंत, वारणेकाठच्या चांदोलीपर्यंत जातं. 1985 मध्ये कोयना अभयारण्य झालं, 2004 मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान. 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात नाव लागलं. चांदोलीतूनही गावं उठली. जिथे शेतं होती, तिथे आता गवत वाढलंय आणि त्यावर गवे चरतात.

म्हणजे बघा, आपण ज्याला 'अनटच्ड' निसर्ग म्हणतो, त्यातला बराचसा भाग कुणाचं तरी सोडलेलं गाव आहे. जंगल वाचलं ही चांगलीच गोष्ट. पण ते कुणामुळे वाचलं, हेही लक्षात ठेवूया.

वासोट्याला जाताना वनखात्याची परवानगी घ्या, प्लास्टिक परत आणा. आणि लाँचवाल्या काकांना एकदा विचारा, "काका, तुमचं जुनं गाव कुठं होतं?" ते पाण्याकडे बोट दाखवतील. मग फोटो काढा. तो नुसत्या स्टेटसपुरता राहणार नाही.

भेटू पुढच्या भागात!