छातीतील गाठ आणि दीर्घ सावधगिरी

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगास थायमस नावाची ग्रंथी असते. बालपणी ती मोठी असते. पुढे ती झिजत जाते व तिची जागा चरबी घेते. तिचे कार्य दीर्घकाळ गूढच होते. रोगांशी झुंजणाऱ्या काही पांढऱ्या पेशी तिच्यातच सिद्ध होतात, हे १९६१ साली जाक मिलर यांनी उंदरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले.

या ग्रंथीत क्वचित जी गाठ उद्भवते, तिला थायमोमा म्हणतात. कित्येकांना तिचा काहीच त्रास होत नाही. अन्य कारणासाठी काढलेल्या क्ष-किरण चित्रात तिची छाया दिसते. सुमारे एक तृतीयांश रोग्यांना मात्र मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायुदौर्बल्याचा विकार जडतो. पापण्या आपोआप खाली येतात, घास गिळवत नाही, बोलता बोलता आवाज क्षीण होतो. अशाच दुर्बलतेने ग्रासलेल्या एका तरुणीची गाठ १९३६ साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथे डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी काढली आणि तिची प्रकृती सुधारली. शस्त्रक्रियेचा मार्ग पुढे रूढ झाला, त्यात या घटनेचा वाटा मोठा आहे.

ही गाठ सर्वस्वी काढणे हाच मुख्य उपचार होय. त्यासाठी पुष्कळदा छातीचे मधले हाड उभे कापतात आणि ग्रंथी व भोवतालची चरबी यांसह गाठ अखंड बाहेर काढतात. तिचे आवरण फुटले तर पेशी आत सांडून फुप्फुसाच्या आवरणावर रुजण्याची भीती असते. स्नायुदौर्बल्य असल्यास ते आधी औषधांनी आटोक्यात आणावे लागते. अन्यथा शस्त्रक्रियेनंतर श्वासोच्छ्वासच अडण्याचा धोका असतो.

एवढे करूनही काहींच्या बाबतीत गाठ परत येते, तीही कधी कधी दहा वर्षे उलटल्यावर! पुष्कळदा ती फुप्फुसाच्या आवरणावरच आढळते. पहिल्या शस्त्रक्रियेने आतील भाग एकमेकांस चिकटलेले असल्याने दुसरी शस्त्रक्रिया अधिक कठीण असते. तथापि सर्व गाठी काढणे शक्य असेल, तर ती अवश्य करतात आणि त्यानंतर अनेक रोगी पुष्कळ वर्षे जगतात. ते शक्य नसल्यास किरणोपचार व औषधे यांचा आधार घेतात.

म्हणून वाचकांस आमचे सांगणे एवढेच की, पाच वर्षे सुखाची गेली म्हणून तपासणी सोडू नये. जुने कागद व चित्रे जपून ठेवावीत आणि डॉक्टरांनी नेमून दिलेल्या वेळी छातीची तपासणी करून घ्यावी. परतलेली गाठ लहान असतानाच सापडली, तर ती पुरती काढता येण्याची आशा अधिक असते.