नवें सोवळें

सोवळें हा शब्द आमच्यासारख्या घरांतून जवळजवळ सेवानिवृत्त झाला होता. माजघरांतून तो देवघरापर्यंत मागें सरला, आणि पुढें श्राद्धपक्ष, नवरात्र व महालक्ष्म्या एवढ्यापुरताच त्याचा उपयोग राहिला. असा हा पेन्शनर शब्द इ. स. २०२० च्या मार्चांत एकाएकीं पुन्हा कामावर रुजू झाला. आणि त्याला बोलावणें धाडणारे शास्त्रीबुवा नव्हते, डॉक्टर होते, ही त्यांतील मौज!

त्या वर्षीं ९ मार्चला महाराष्ट्रांतले पहिले दोन करोनाग्रस्त आमच्या पुण्यांतच सांपडले. २५ मार्चला गुढीपाडवा होता, आणि त्याच दिवसापासून देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. आमचें कुटुंब नऊ माणसांचें. जुना वाडा पाडून त्या जागीं उभारलेल्या इमारतींत चौथ्या मजल्यावर शेजारशेजारच्या दोन ब्लॉकांत आम्ही राहतों. पाडवा कसाबसा साजरा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून घरांत नवा आचारधर्म सुरू झाला. दुधाच्या पिशव्या साबणानें धुवाव्या, भाजी मिठाच्या पाण्यांत बुडवावी, जो बाहेर जाऊन येईल त्यानें कोणास न शिवतां तडक न्हाणीघर गांठावें, कपडे बादलींत टाकावे, आंघोळ करावी आणि मगच माणसांत यावें. काका किराणा घेऊन आले कीं मुलें ‘शिवूं नका, शिवूं नका’ म्हणून भिंतीला चिकटत. आमच्या आजी तेव्हां अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. हा सोहळा पाहून त्या म्हणाल्या, “आमच्या सासूबाई याहून निराळें काय सांगत होत्या रे? तेव्हां तुम्ही हसत होतां!”

आजींच्या या विजयांत विरजण घालण्याची आमची इच्छा नाहीं. पण त्या काळीं ‘आपल्या पूर्वजांस सारें ठाऊक होतें’ असा जो एक सूर घरोघर निघाला, त्याविषयीं दोन शब्द बोलणें भाग आहे. सोवळ्यांत रेशीम शुद्ध, लोकर शुद्ध. धाबळी कित्येक दिवस पाणी न लागतांही शुद्धच राही; आणि स्वच्छ धुवून उंच दांडीवर वाळत घातलेल्या धोतराला एखाद्या पोरानें नुसतें बोट लावलें कीं तें ओवळें होई. त्यांत मळाचा हिशेब नव्हता, माणसाचा होता. कोणी शिवावें आणि कोणी शिवूं नये, हा त्या शास्त्राचा खरा विषय. उलट, करोनाच्या विषाणूला वरून चरबीचें पातळ आवरण असतें व साबणानें तें फुटतें, म्हणून हात धुवावयाचे. विषाणूला जात कळत नाहीं कीं मजला कळत नाहीं. शिवाय वस्तूंच्या स्पर्शाची भीति आम्हां सर्वांस वाटली तेवढी खरी नव्हती. एप्रिल २०२१ मध्यें अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेंच सांगितलें कीं, दूषित पृष्ठभागाला एकदां हात लागल्यानें रोग जडण्याचा संभव सामान्यतः दहा हजारांत एकाहूनही कमी. मुख्य धोका श्वासावाटे, बंद खोलींत, दाटीनें बसण्यांत होता. बिचाऱ्या दुधाच्या पिशव्या!

हें सारें गमतीवारी नेण्यासारखें होतें, जोंपर्यंत तें घराच्या चार भिंतींत होतें. पण मग जून उजाडला.

आमच्याकडे सोळा वर्षें धुणींभांडीं करणाऱ्या बाई पर्वतीच्या पायथ्याशीं राहतात. अडीच महिने त्यांचें येणें बंद होतें. त्यांचा पगार वहिनींनीं दरमहा पोंचविला, यांत विशेष असें कांहीं नाहीं. घरांतले पुरुष त्या निमित्तानें पातेलीं घासावयास शिकले, हें मात्र थोडें विशेष. (काकांनीं करपलेल्या कढईवर चिंच आणि राख यांचे जे प्रयोग केले, ते स्वतंत्र लेखाचा विषय होतील.) निर्बंध शिथिल झाले आणि बाई परत आल्या, तों इमारतीच्या दारांत व्यवस्थापक मंडळींची सूचना लागलेली. कामवाल्या बायकांनीं वहींत नांव लिहावें, ताप मोजून घ्यावा, जिन्यांत बसूं नये, आणि लिफ्ट वापरूं नये. रोज कचेरींत शंभर माणसांत बसून येणारे आम्ही सभासद मात्र लिफ्टनें वर जाण्यास मोकळे!

बाईंचें वय पन्नाशीचें, गुडघे दुखरे. चौथ्या मजल्यावर येऊन, दम खात, मुखपट्टी सावरीत त्या म्हणाल्या, “वहिनी, ह्यो रोग इमानातनं आला म्हनत्यात, आन् जिना मातुर म्यां चढायचा व्हय!”

त्या वाक्यानें आमच्या घरांत दोन तट पडले. काकांचें म्हणणें असें कीं, ज्यांच्या वस्तींत दहा घरांना एक नळ आणि एक शौचकूप, तेथून रोग येण्याचा संभव अधिक. यांत अपमानाचा प्रश्न नाहीं, गणिताचा आहे. वहिनींचा सवाल साधा होता: गणितच करावयाचें तर तें सर्वांचें करा. लिफ्टमध्यें एका वेळीं एकच माणूस, तोंडावर मुखपट्टी, आणि दारांत ताप मोजणें तो सर्वांचाच. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनीं जुन्या वाड्याची गोष्ट सांगितली. मागील दारीं कोनाड्यांत कानतुटका कप निराळा ठेवलेला असे. त्यांत वरून चहा ओतावयाचा, आणि कप जिचा तिनें विसळून परत कोनाड्यांत ठेवावयाचा. “मीच ओतत असें,” त्या म्हणाल्या. सकाळीं सासूबाईंची आठवण काढतांना त्यांच्या स्वरांत जो तोरा असे, तो या वेळीं नव्हता.

पुण्याला सांथ नवी नाहीं. १८९७ च्या प्लेगांत घरांच्या झडत्या, सक्तीची छावणी आणि त्यांतून उसळलेला संताप यांच्या कथा आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात; त्याच वर्षींचा सांथीच्या रोगांचा कायदा २०२० मध्येंही उपयोगांत आणला गेला. परंतु त्याच प्लेगांत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत असतां स्वतः आजारी पडल्या व १० मार्च १८९७ रोजीं निवर्तल्या, ही गोष्ट आम्हीं घरीं कधीं ऐकली नव्हती. ती आमच्या पुतणीनें, टाळेबंदींत वाचीत असतां, जेवणाच्या वेळीं सांगितली. परक्या रोग्याला हात लावणें हा ज्या शहरांत त्या वेळीं एवढा धीराचा प्रकार होता, त्याच शहरांत आमची लिफ्ट!

वहिनींनीं आपलें म्हणणें लिहून मंडळाकडे दिलें. उत्तर आलें कीं ‘विचाराधीन आहे.’ जुलैंत इमारतींत पहिला रुग्ण निघाला तो सूचनेवर सही करणाऱ्यांपैकींच एका गृहस्थांच्या घरीं. देवाच्या कृपेनें ते बरे झाले. त्यांचे डबे आळीपाळीनें सर्व घरांतून गेले, आमच्याही. सूचना मात्र कोणीं काढली नाहीं. पावसाळ्याच्या ओलीनें तिचा कागद सुटला, आणि नवा कोणीं लावला नाहीं. बाई लिफ्टनें येऊं लागल्या.

एप्रिल २०२१ मध्यें पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांस लस खुली झाली, तेव्हां वहिनींनीं आपल्याच मोबाइलवरून बाईंचें नांव नोंदविलें. लस टोंचून आल्यावर दोन दिवस त्यांचा दंड सुजला होता; ते दोन दिवस भांडीं काकांनीं घासलीं. लिफ्टचा विषय निघाला कीं, गणित माझेंच बरोबर होतें, असें ते अजूनही म्हणतात, आणि वहिनी त्यांना ताटावरून उठूं देत नाहींत.